हात सुटला की नंबर गेला

जळकोट
११ एप्रिल २०१६, सोमवार

विरूअण्णा,

तुम्ही गल्लीतल्या सगळ्यांचे नंबर ब्लॉक केलेत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही सोडलात. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. पोस्टातले काका म्हणले, "सिकंदराबादला कोणाला लिहितीस गं, प्रेमपत्र का काय?" मी म्हणलं, "न्हाई, भांडण हाय." दहावीच्या पेपरनंतर मराठीत इतकं लांब मी पहिल्यांदाच लिहून राहिले. तुम्हीच मला इंग्लिश मिडियमला घाला म्हणून पप्पांच्या मागं लागला होता, तेव्हा चुका झाल्या तर अर्ध्या तुमच्या.

आधी तुमच्या आईचं सांगते. नीलाकाकू काल भिंतीला धरून चुलीपासून दारापर्यंत चालल्या. डावा पाय ओढतात, डावा हात अजून झोपलेलाच आहे. बोलणं जड आहे, पण समजतं. त्यांच्याजवळ राहणाऱ्या शिवम्मा मावशी समजून न घेता उत्तर देतात, म्हणून काकू चिडतात. चिडणं चांगलं असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय.

आता मुद्दा. तुम्ही मकबूलभाईंना बसवजयंतीच्या आत खोली खाली करायला सांगितली. "माझी आई तुझ्या पायाशी पडली आन् तू बघत उभा राहिला," असं तुम्ही दवाखान्याच्या जिन्यात म्हणलात, ते सगळ्या गल्लीला माहीत झालंय. मकबूलभाई काहीच बोलत नाहीत. दुकानात बसून पेट्या ठोकतात. अण्णा, त्यांच्या अब्बापासून ते तुमच्या पुढच्या खोलीत पत्र्याच्या पेट्या बनवून राहिले. दिवसभर पत्रा ठोकायचा आवाज दुसरा कोणता घरमालक सहन करणार? ही खोली गेली की त्यांचा धंदा गेला. तुमचे ते लहानपणापासूनचे दोस्त आहेत, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

आणि मला पक्कं माहीत आहे की तुम्ही चुकून राहिलात.

माझा बीएचा विषय सायकॉलॉजी आहे, तुम्हाला माहीतच आहे. आमच्या मॅडमनी याच वर्षी शिकवलं. माणूस पडला आणि बघणारा एकटा असला, तर तो धावतो. बघणारे चाळीस असले, तर प्रत्येकाला वाटतं की बाकीचे एकोणचाळीस आहेतच. शिवाय प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडं बघतो. तो शांत दिसला की यालाही वाटतं, काही विशेष नसेल. सगळे एकमेकांचं बघून शांत राहतात. यात कोणी दुष्ट नसतं. हा गर्दीचा स्वभाव आहे.

त्या दिवशी तसंच झालं. २६ मार्च, टँकरचा दिवस, सकाळचे साडेदहा. काकू आधी खाली बसल्या, मग कलंडल्या. लोकांना वाटलं चक्कर असेल. त्याच्या आधीच्या टँकरला गल्लीतल्या उमाबाईंनी चक्कर आल्याचं नाटक करून पहिल्या नंबरला घागर भरून घेतली होती आणि मग दोन घागरी डोक्यावर घेऊन तुरुतुरु गेल्या होत्या. लोक विसरले नव्हते. कोणी म्हणलं, "कांदा हुंगवा." कोणी म्हणलं, "ऊन लागलंय, उठतील." मी ओरडले, "कोणीतरी एकशेआठला फोन लावा." सगळ्यांनी ऐकलं आणि कोणीच लावला नाही. त्या दिवशी उदगीरला नवीन जिल्ह्यासाठी रास्ता रोको होता, तर गाडी कशी येणार, असं सगळ्यांनी धरून घेतलं. मी नंतर चौकशी केली. अ‍ॅम्ब्युलन्सला रस्ता मोकळाच होता.

पंचवीस मिनिटं गेली. शेवटी टँकरचा ड्रायव्हर व्यंकट केबिनमध्ये झोपला होता, तो उठला. देगलूरकडचा माणूस, गल्लीत कोणाला ओळखत नाही. त्यानं व्हॉल्व बंद केला, विचारलं, "ही अम्मा कोणाची?" आणि उत्तराची वाट न बघता उचलून केबिनमध्ये घातलं, थेट दवाखान्यात नेलं.

म्हणजे बघा, चाळीस जणांची चूक एका मकबूलभाईंच्या डोक्यावर घालणं हे सायन्सला धरून नाही. तुम्ही इंजिनीअर आहात, तुम्हाला पटेल. दुकानाचं लगेच कळवा.

तुमची,
देवी


जळकोट
१८ एप्रिल, सोमवार

विरूअण्णा,

तुमचं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "तुझी सायकॉलॉजी नको. आईनं पडता पडता पाहिलं, मकबूल दोन पावलं पुढं येऊन मागं गेला. का गेला, एवढंच सांग."

सांगते. पण आधी हे ऐका. मला वाटलं, तुम्हाला पुस्तकातलं पटत नसेल तर जळकोटातलं दाखवावं. म्हणून मी प्रयोग केला.

शनिवारी दुपारी दोनला एसटी स्टँडवर गेले. मैत्रिणीला, जगदेवीला, सोबत घेतलं, ती मोबाईलवर वेळ मोजायला लांब बसली. त्या वेळी स्टँडवर एकच माणूस होता, धोंडप्पा म्हणून हाळीचे म्हातारे, पटका उशाला घेऊन बाकावर पडलेले. मी त्यांच्या समोरून चालत गेले आणि पडले. सात सेकंद. जगदेवीनं दोनदा बघितलं, सातच. म्हातारे अनवाणी धावत आले, माझं डोकं मांडीवर घेतलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी माझ्या तोंडावर मारलं. या दिवसांत, अण्णा. बाटलीत तेवढंच होतं.

मग साडेचारला, उदगीर गाडीच्या वेळी. स्टँडवर बावीस लोक. मी पडले. एकानं आपली पिशवी माझ्या पायाला लागू नये म्हणून उचलून बाजूला ठेवली. एका पोरानं व्हिडिओ काढला. एक बाई दुसरीला म्हणली, "हिचं कोणी हाय का न्हाई सोबत?" दुसरी म्हणली, "असंल की." चार मिनिटं अकरा सेकंद. मग गाडी आली आणि लोक मला वळसा घालून चढले. जगदेवीला रडू आलं, तिनंच येऊन उठवलं.

याहून पक्का पुरावा काय पाहिजे? त्या बावीस जणांत कोणी राक्षस नव्हतं. त्यातल्या अर्ध्यांना मी नावानं ओळखते.

एक गोष्ट मात्र झाली. धोंडप्पा आजोबांची गाडी चुकली होती, ते तिथंच बसलेले होते. त्यांनी मला दुसऱ्यांदा पडताना पाहिलं. जवळ आले आणि म्हणले, "नाटक करतीस व्हय गं? मघाशी माझं पानी गेलं त्याचं काय न्हाई. पन उद्या खरंच कोन पडलं तर मी उठनार न्हाई, आन् ते तुझ्यावर हाय." मी त्यांना समजावून सांगायला गेले की हे अभ्यासासाठी होतं. ते म्हणले, "अभ्यास घरी कर." मला तेव्हा राग आला. आता लिहिताना वाटून राहिलं की उमाबाईंच्या चक्करला मी नावं ठेवली आणि स्वतः दोनदा पडले. पण ते असू द्या.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, टीव्हीवर बघितलं असेल. आमचं हॉस्टेल पाण्यामुळंच मार्चमध्ये बंद झालं, जूनशिवाय उघडत नाही. इकडं चौकात नवीन बोर्ड लागलाय, 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे'. खाली पारावरचे लोक रोज हिशोब करतात, जिल्हा झाला की सिव्हिल हॉस्पिटल येईल, मोठा डॉक्टर येईल, मग नीलाबाईसारखं होणार न्हाई. शिवम्मा मावशी परवा त्यांना म्हणल्या, "जिल्हा उचलून न्येनार हाय का बाईला? उचलायला हात लागतात."

मकबूलभाईंनी कालपासून सामान काढायला सुरुवात केली. मोठी कात्री आणि ऐरण कुठल्या तरी भाच्याकडं मुखेडला पाठवली. उरलेल्या पत्र्यातून ते काकूंसाठी एक चौरंगासारखं बसकं स्टूल करून राहिले, न्हाणीत बसायला. काकूंना अजून माहीत नाही की ते चाललेत. शिवम्मा मावशी म्हणतात, विरूपाक्षनं सांगू नको म्हणलंय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मकबूलभाई मागं गेले, कारण गर्दीत माणूस बाकीच्यांकडं बघतो. बाकीचे हलले नाहीत म्हणून ते मागं गेले.

तुमची,
देवी


जळकोट
२० एप्रिल, बुधवार

विरूअण्णा,

परवाच्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं खोटी आहेत. पत्र पेटीत टाकलं तेव्हापासून मला ते माहीत होतं. ते पोचायच्या आत हे पोचावं म्हणून उदगीरला जाऊन स्पीड पोस्ट करून राहिले.

सगळं नीट सांगते.

मार्चमध्ये मी घरी आले तेव्हा टँकरच्या लाइनीत दर वेळी मारामारी होती. लोक रात्रीच घागरी, चपला, दगड मांडून नंबर धरायचे आणि घरी जाऊन झोपायचे. सकाळी टँकर आला की माणूस एक आणि घागरी सहा. ज्यांच्या घरात दुसरं कोणी नाही, त्यांना पाणीच मिळेना. काकूंना दोन टँकर पाणी मिळालं नव्हतं. मी म्हणलं, मी करते हे नीट. प्रत्येक घराला एक नंबर दिला. लाल ऑइलपेंटनं घागरीवर नंबर टाकले. शाळेतली शिट्टी होती, ती गळ्यात घातली. आणि नियम केला: घागरीला हात लावून उभं राहायचं. हात सुटला की नंबर गेला. पुढच्या टँकरला या.

विरूअण्णा, तो नियम माझा होता. आणि तो लई चांगला चालला. पहिल्याच दिवशी काकूंना पाणी मिळालं. सरपंच येऊन बघून गेले. तुम्हाला ग्रुपवर फोटो टाकला होता, तुम्ही अंगठा पाठवला होता.

दुसऱ्या टँकरला मकबूलभाईंचा हात सुटला. दुकानात कोणी गिऱ्हाईक आलं म्हणून ते पाच पावलं गेले. मी शिट्टी वाजवली आणि त्यांची घागर बाहेर काढली. लोक हसले. उमाबाई म्हणल्या, "पेटीत भरून ठेव बाबा आता पानी." त्यांच्या घरी चार दिवस शेजारून मागून आणलेलं पाणी होतं. मला वाटलं, नियम सगळ्यांना सारखा पाहिजे. मला अभिमान वाटला होता.

मग २६ तारीख. काकू चौदा नंबर, मकबूलभाई पंधरा. काकू बसल्या आणि कलंडल्या. मकबूलभाईंनी लगेच घागर सोडली. दोन पावलं गेलेही होते. मी लाइनीच्या पुढं उभी होते. मला काकूंचं तोंड दिसत नव्हतं. मला मकबूलभाईंची घागर दिसली, एकटी. मी शिट्टी वाजवली आणि मोठ्यानं म्हणलं, "मकबूलभाई, हात."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी घागरीकडं बोट दाखवलं. ते मागं गेले.

ते सगळ्यांनी बघितलं. त्यानंतर कोण हलणार होतं? मी "कोणीतरी फोन लावा" म्हणून ओरडले ते खरं आहे, पण ते दहा-बारा मिनिटांनी, काकूंच्या तोंडातून लाळ आली तेव्हा. आणि माझा मोबाईल माझ्याच हातात होता. शिट्टी एका हातात, मोबाईल एका हातात. मी कोणीतरी म्हणजे कोणाला म्हणून राहिले होते, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी तुम्हाला गर्दीचं सायन्स सांगितलं. ते खोटं नाही. एसटी स्टँडवर ते तसंच घडलं. पण आमच्या गल्लीत गर्दीतला एक माणूस निघाला होता. त्याला मी परत उभं केलं.

काल संध्याकाळी दुकानात गेले. मकबूलभाई स्टूलाच्या कडा वळवत होते, काकूंचा हात कापू नये म्हणून. मी विचारलं, "तुम्ही विरूअण्णांना सांगितलं का न्हाई माझं नाव?"

ते म्हणले, "क्या सांगू बेटा? तू पोरगी हायस, शिकून राहिलीस. विरू तुला बहीण मानतो."

"पण खोली जाऊन राहिली तुमची."

"हाव." मग बराच वेळ ठोकत राहिले. मला वाटलं झालं बोलून. मग म्हणले, "एक बात सांगू? शिट्टी तू वाजवली. पन पाय माझेच मागं गेले. मला मागच्या वेळचं हसणं आठवलं. घरची घागर आठवली. मी पन्नास वर्षांचा मानूस, एका शिट्टीला घाबरलो. विरू म्हणतो ते गलत न्हाई."

मी म्हणलं, "गलत हाय. पुरं न्हाई ते."

"मग तू पुरं सांग," ते म्हणले. "मी सांगितलं तर मी आपली खोली वाचवून राहिलो असं होतं."

म्हणून पुरं सांगून राहिले. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, मी जळकोटातच आहे. खोली मात्र मकबूलभाईंची राहू द्या. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही, हे बरोबर आहे म्हणून लिहून राहिले.

आज सकाळी टँकरला मी सगळ्यांसमोर सांगितलं, नियम बंद. घागरीला हात लावायची गरज नाही, नंबर घागरीवर आहे तो कुठं जात नाही. चौदा नंबरची घागर दर वेळी कोण भरणार ते पण ठरवलं, एकेका घराचं नाव घेऊन. आणि कोणी पडलं तर काय करायचं तेही. "कोणीतरी" म्हणायचं नाही. नंबरानं बोलवायचं. सात नंबर, तुम्ही फोन लावा. बावीस नंबर, तुम्ही रिक्षा आणा. उमाबाई म्हणल्या, "आन् शिट्टीवाल्या बाईनं काय करायचं?" लोक हसले. मी म्हणलं, "मी आधी धावनार."

तुमची किंवा नाही, ते तुम्ही ठरवा,
देवी


जळकोट
३ मे, मंगळवार

विरूअण्णा,

तुमचं पत्र शनिवारी आलं. त्यात माझ्यासाठी एकच ओळ होती. "तुझं वीस तारखेचं पत्र मी परत पाठवतोय, ते आईला वाचून दाखव. ती म्हणेल तसं."

मला वाटलं होतं तुम्ही शिव्या द्याल. त्याची मी तयारी केली होती. याची नव्हती केली.

रविवारी सकाळी गेले. काकू खाटेवर बसल्या होत्या. आंघोळ झालेली, कपाळाला विभूती, गळ्यातलं लिंग पदराबाहेर. शिवम्मा मावशी पूजेचं आवरत होत्या. मकबूलभाईंना मी मुद्दाम बोलावलं होतं. ते उंबऱ्याच्या बाहेरच बसले, कितीदा म्हणलं तरी आत येईनात.

मी म्हणलं, "काकू, विरूअण्णांनी एक पत्र वाचायला सांगितलंय. मी लिहिलेलं हाय."

"वाच," त्या म्हणल्या.

मी सगळं वाचलं. शिट्टीचं वाचताना थांबले नाही. थांबले असते तर पुढं गेले नसते. मकबूलभाईंची खोली जाणार हे ऐकलं तेव्हा काकूंनी पहिल्यांदा मान वर केली आणि शिवम्मा मावशींकडं बघितलं. मावशी समईची वात उगीचच सारखी करत राहिल्या.

वाचून झालं. मग काकूंनी हळूहळू, एकेक शब्द ओढून, मला विचारलं. मी तसंच लिहिते.

"त्या दिवशी... तू पानी भरलंस का?"

अण्णा, एवढ्या दिवसांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही.

मी म्हणलं, "हाव काकू. व्यंकटनं व्हॉल्व बंद करायच्या आधी माझा नंबर होऊन गेला होता. दोन घागरी."

"आन् माझी?"

"रिकामीच आली. तुमचा हात सुटला होता. मी ती... मी ती लाइनीतून बाजूला काढली."

बाहेर मकबूलभाईंनी तोंड फिरवलं. मावशी "शिवा शिवा" म्हणल्या. मी काकूंकडं बघत राहिले, कारण दुसरीकडं कुठं बघणार.

काकू हसल्या. तोंड एकाच बाजूनं हलतं, त्यामुळं आधी मला कळलंच नाही की ते हसणं आहे. मग खांदा हलायला लागला. म्हणल्या, "पडले मी... आन् नंबर पन गेला."

मी रडले. तुम्ही म्हणाल आता रडून काय. खरं आहे. पण काकूंनी रडू दिलं नाही. उजव्या हातानं खाटेवर थापटलं, चिडल्यावर थापटतात तसं.

मग मकबूलभाईंना म्हणल्या, "तू... उंबऱ्यात का बसलास? खोली तुझी न्हाई का?" मग काकू म्हणल्या, "विरूला मी सांगते. कात्री... आण मुखेडाहून. ठोकायचा आवाज न्हाई तर... झोप लागंना मला."

ते उठून आत आले. काकूंच्या पायाला हात लावायला वाकले, काकूंनी पाय मागं घेतला. "माझ्या पायाला नको," म्हणल्या. "हिला सांग... रोज येऊन हात चोळायला. मावशी हळू चोळती. हिच्यात जोर हाय."

मग माझ्याकडं बघून म्हणल्या, "आन् माझ्या दोन घागरी. त्या दिवसाच्या. आण."

मी घरी गेले. आमच्याकडं ड्रममध्ये अर्ध्याहून कमी पाणी होतं, टँकरला अजून दोन दिवस. मम्मी म्हणली, "अगं बाई, सगळंच नेतीस का?" मी म्हणलं, हो. दोन घागरी भरल्या. डोक्यावर न्यायची सवय नाही, म्हणून एकेक कडेवर नेली. पारावरच्या लोकांनी विचारलं, "देवी, कोणाचं पानी?" मी म्हणलं, चौदा नंबरचं.

काकूंनी एक घागर स्वयंपाकाला ठेवायला सांगितली. दुसरी न्हाणीत, त्या नव्या स्टूलाजवळ.

हे सगळं त्यांनी मला तुम्हाला कळवायला सांगितलं नाही. मी कळवून राहिले, कारण तुम्ही म्हणलात, ती म्हणेल तसं. ती असं म्हणाली. बसवजयंतीला या. माझ्याशी बोललं नाही तरी चालेल, मी सकाळी आठ ते साडेआठ तुमच्या घरीच असते, काकूंचा हात चोळत. करंगळी परवा थोडी हलली. मकबूलभाईंनाही दिसली, म्हणजे माझा भास नाही.

देवी